नील बेटावर दोन रात्री, आणि खोली तळमजल्याची

प्रिय ताई,

सासऱ्यांना यंदा पंचाहत्तरावं लागलं. सावरकरांची कोठडी डोळ्यांनी बघायची हे त्यांच्या मनात शाळेपासून आहे. २६ फेब्रुवारीला, पुण्यतिथीच्या दिवशी, सेल्युलर जेलमध्ये उभं राहायचं असं त्यांनी ठरवलंय. एवढ्या लांब जातोयच तर एखादं लहान बेटही बघू, म्हणून अंदमानातलंच नील बेट निवडलं. बेत असा: २४ला पोर्ट ब्लेअरला उतरायचं, २५ला नील, २६ला सकाळच्या बोटीने परत येऊन जेल. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा दुखतोच. त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मुलगी नऊ वर्षांची, पाण्यात शिरली की बाहेर येत नाही. टूरवाले म्हणतात, नील दिवसाउजेडी करून परत या, नाहीतर फार तर एक रात्र ‘सी फेसिंग’ रिसॉर्टमध्ये राहा. ह्यांना रिसॉर्ट पसंत आहे. मला गावातला एक होमस्टे सापडलाय, जवळजवळ निम्म्या पैशांत, पण किनाऱ्यापासून आत आहे. सासरे म्हणतात, नुसतं झोपायला एवढे पैसे कशाला? रोज रात्री जेवताना हाच विषय. तुम्हीच काय ते सांगा. माझं काय, मी कुठेही झोपेन.

– एक वाचक, सोलापूर

तुमचं पत्र वाचता वाचता मला आठवली ती माझ्या आईची प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्याकडे येते, पण आधी तारखांचं बोलू. मुक्काम कुठे करायचा हे ठरवण्याआधी केव्हा करायचा ते ठरायला हवं, आणि तुमच्या बेतात मला तिथेच धोका दिसतोय.

नीलला आधी जाऊ नका. पोर्ट ब्लेअरहून ते चाळीसेक किलोमीटरवर आहे. खासगी बोट तास-दीड तासात पोचवते, सरकारी बोटीला दोन तासांच्या आसपास लागतात. फेब्रुवारीत समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. पण एखाद्या दिवशी वारा उठला की फेऱ्या रद्द होतात, आणि मग तुम्ही कितीही पैसे भरलेले असोत, जेट्टीवर बॅगांवर बसून राहण्यावाचून इलाज नसतो. २६ची सकाळची बोट सुटली नाही तर? सासऱ्यांनी साठ वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस बेटावर घड्याळाकडे बघण्यात जाईल. तेवढा धोका पत्करण्यासारखं त्यात काही नाही. २४ला उतरा, २५ला प्रवासाचा शीण जाऊ द्या, २६ जेलला द्या, २७ला सकाळी नीलला निघा, दोन रात्री राहा, १ मार्चला परत या. त्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच झोपा आणि विमान २ मार्चचं घ्या. बोटीतून उतरून थेट विमानतळ असं कधीच ठेवू नका. मधली एक रात्र राखीव असली की बोट चुकली तरी विमान चुकत नाही. मुलीची शाळा दोन दिवस जास्त बुडेल, तेवढी बुडू द्या.

तिकिटांवर आता ‘श्री विजय पुरम’ असं दिसलं तर गोंधळून जाऊ नका, सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं ते नाव आहे. तसंच नीलचं नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप झालंय, हॅवलॉकचं स्वराज द्वीप. बोलताना मात्र रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून नीलच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आता जेलचा मुक्कामाशी काय संबंध, तर खूप आहे. सावरकरांना जुलै १९११ मध्ये तिथे आणलं आणि १९२१ मध्ये हलवलं. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, लांबच लांब व्हरांड्याच्या अगदी टोकाला. तिथे पोचायला जिने चढावे लागतात. सासूबाई खाली थांबणार नाहीत, हे मी तुम्हाला सोलापूरला न येता सांगते. नवरा साठ वर्षांपासून ज्या दाराबद्दल बोलतोय, ते दार बघायला ती बाई चढणारच. चढू द्या, हळूहळू, मध्ये थांबत. पण मग त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस त्यांचा गुडघा बोलेल, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही नीलला असाल. म्हणून नीलच्या खोलीचा निवाडा समुद्र दिसतो की नाही यावर करू नका. आधी सासूबाईंच्या गुडघ्याचा विचार करा.

आईला घेऊन मी पहिल्यांदा नीलला गेले ती इथूनच, मोबाइलवर फोटो बघून बुकिंग करून. बांबूच्या सुरेख झोपड्या, समोर निळंशार पाणी. भर दुपारी पोचलो. झोपडी खांबांवर उभारलेली, वर जायला सात लाकडी पायऱ्या, कठडा नाही. समोर ओहोटी. पाणी लांब गेलेलं, आणि मध्ये सगळा तपकिरी, टोकदार, मेलेल्या प्रवाळाचा खडक. आईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विचारलं, “अगं, समुद्र कुठाय?” न्हाणीघर झोपडीच्या मागे, आणखी तीन पायऱ्या उतरून. एकदा वर-खाली केल्यावर आईने झोपडीच्या पायथ्याशी एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेतली आणि त्यावर बसली, ती जवळजवळ दोन दिवस. म्हणायची, “मला इथे बरं वाटतंय, तुम्ही फिरून या.” दुसऱ्या दिवशी दुपारी तिची पाण्याची बाटली उचलली तर ती भरलेलीच. सकाळी मीच भरून दिली होती. तिने घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. बाथरूमला पायऱ्या उतराव्या लागतात म्हणून ती पाणीच पीत नव्हती, तिथल्या उकाड्यात. ती बाटली हातात धरून मी किती वेळ तशीच उभी राहिले कोण जाणे.

तेव्हापासून कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन बेटावर निघालं, की माझा पहिला प्रश्न खोलीपासून संडासापर्यंत पायऱ्या किती, हाच असतो.

तर तुमच्या दोन पर्यायांकडे. ‘सी फेसिंग’ या शब्दात काय असतं आणि काय नसतं ते ह्यांना नीट सांगा, भांडण म्हणून नाही, माहिती म्हणून. नीलभोवती किनाऱ्यालगत उथळ प्रवाळ आहे. दिवसातून दोनदा पाणी भरतं, दोनदा उतरतं, आणि भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. भरतीला जे पाणी पाचूसारखं दिसतं, तेच ओहोटीला लांब जातं आणि पाय ठेवायला धड वाळूसुद्धा उरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक माणसाच्या उंचीएवढा होतो, अष्टमीच्या भांगाला कमी. फोटो भरतीचेच काढलेले असतात. तेव्हा समुद्रासमोरची खोली घेतली तरी समुद्र समोर असेल तो दिवसातले काही तासच, आणि तेही त्या दिवसाच्या तिथीप्रमाणे. कोकणात आपले लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात, ते गणित अंदमानला तसंच्या तसं लागू पडत नाही. तिथला भरतीचा तक्ता वेगळा असतो, मोबाइलवर मिळतो. निघण्याआधी २७ आणि २८ तारखांच्या वेळा एका कागदावर उतरवून घ्या. मुलीला पाण्यात केव्हा सोडायचं, केव्हा नाही, हे त्या कागदावरच ठरेल.

आणि दिवसाउजेडी नील करून परत येणं? ते मात्र अजिबात नको. सकाळच्या बोटींनी माणसं उतरतात, भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होड्या आणि पाण्यातले खेळ सुरू होतात, सगळीकडे शिट्या, भोंगे, घाई. दुपारच्या बोटी गेल्या की तोच किनारा ओळखू येत नाही. नीलचा खरा दिवस शेवटची बोट गेल्यावर सुरू होतो. शिवाय जेट्टी लांब समुद्रात गेलेली आहे. सासूबाईंना ती उन्हात दोनदा चालायला लावून मध्ये जेमतेम चार तास मिळणार असतील, तर पोर्ट ब्लेअरलाच राहिलेलं बरं.

एक रात्रही कमी पडते. दुपारी बारा-एकला खोली ताब्यात येणार, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला ती सोडायची, आणि मध्ये अंधार लवकर पडतो. अंदमान आपल्यापासून बरंच पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच चालतं. त्यामुळे फेब्रुवारीअखेर साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पहाटे पावणेसहाच्या आत उजाडतं. दोन रात्री घ्या, म्हणजे मधला एक पूर्ण दिवस कुठल्याही बोटीशी बांधलेला नसेल. आणि दोन्ही रात्री एकाच ठिकाणी. एक रात्र इथे, एक तिथे असा बेत तरुण माणसं करतात. तुमच्या घरातल्या पाच माणसांच्या बॅगा पुन्हा बांधायचं काम कुणावर पडणार ते तुम्हाला ठाऊक आहे.

गावाची मांडणी सांगते, म्हणजे होमस्टे नक्की कुठे आहे ते तुम्हाला ताडून बघता येईल. बेट लहान आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रिक्षाने वीस मिनिटं पुरतात. जेट्टी भरतपूरला, तिथून जवळच नील केंद्र म्हणजे बाजार. भाजीचे वाटे, चहाच्या टपऱ्या, दोन-चार जेवणाची ठिकाणं, औषधाचं दुकान, सगळं तिथेच. पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर लक्ष्मणपूर, तिथे सूर्यास्त. पूर्वेच्या टोकाला, बाजारापासून पाचेक किलोमीटरवर सीतापूर, तिथे सूर्योदय. मध्ये रामनगर. ही नावं सासूबाईंना बोटीतच सांगा. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं, जंगल तोडून त्यांनी शेतं केली. आज अख्ख्या अंदमानला भाजी पुरवणाऱ्या बेटांत नीलचं नाव पहिल्यांदा घेतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, सुपारी, भाताची खाचरं, वाल-भोपळ्याचे मांडव. कोकणातल्या एखाद्या वाडीत आल्यासारखं वाटतं.

सासऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. नील म्हणजे निळा, असं आपल्याला सहज वाटतं. पण हे नाव जेम्स नील या इंग्रज सेनाधिकाऱ्याचं. १८५७ मध्ये अलाहाबादला आणि नंतर कानपूरला, नानासाहेब पेशव्यांचा पाडाव झाल्यावर, ज्याने लोकांवर सूड उगवला तोच हा. त्याच सप्टेंबरात लखनौच्या लढाईत तो मेला. अशा माणसाच्या नावाचं बेट आज शहीद द्वीप आहे. सासरे बोटीत हे ऐकून गप्प बसतील आणि मग अर्धा तास बोलतील, बघा.

तर राहायचं कुठे? बाजाराच्या किंवा भरतपूरच्या बाजूला. जेट्टी जवळ, जेवण जवळ, प्राथमिक आरोग्य केंद्र बेटावरच, आणि रात्री काही लागलं तर माणसांची जाग असते. गंभीर काही झालं तर पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयातच जावं लागतं, म्हणून दोघांची औषधं चार दिवस जास्तीची, आणि ती हातातल्या पिशवीत. लक्ष्मणपूर राहायला छान आहे, पण तिकडच्या बऱ्याच जागा रस्त्यापासून आत झाडीत आहेत, रात्री विजेरी लावून चालावं लागतं. सीतापूर तर फारच एका बाजूला. जोडप्यांनी, पुस्तकं घेऊन आलेल्या एकट्या माणसांनी तिथे खुशाल राहावं.

तुमचा होमस्टे बाजाराच्या बाजूला असेल, तर माझं मत त्याच्याच बाजूने आहे. पण फोन केल्याशिवाय पैसे भरू नका. आणि फोन तुम्ही स्वतः करा, टूरवाल्यामार्फत नको. हिंदी सगळ्यांना येतं. खोली तळमजल्याला आहे का? उंबरा किती उंच? संडास कमोडचा आहे का, खोलीलाच लागून आहे का, आत जाताना पायरी आहे का? रिक्षा दारापर्यंत येते का, की शेताच्या बांधावरून चालावं लागतं? वीज गेली तर पंखा चालतो का? गरम पाणी मिळेल का? त्यांना म्हणा, आत्ता उभं राहून दारापासून कमोडपर्यंतचा एक व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. जो घरमालक हसून पाठवतो, त्याच्याकडे राहावं. जो “मॅडम, सब ठीक है” एवढंच म्हणतो, त्याच्याकडे नको.

यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर चुकलं आणि ह्यांच्या रिसॉर्टमध्ये तळमजल्याची खोली, चांगलं न्हाणीघर, जनित्र हे सगळं असेल, तर मनात किंतु न ठेवता रिसॉर्ट घ्या. सासरे म्हणतात ना झोपायला एवढे पैसे कशाला? त्यांना सांगा, पैसे झोपण्याचे नाहीत, आईंच्या उठण्या-बसण्याचे आहेत. मात्र तेव्हाही ‘सी फेसिंग’चे जास्तीचे पैसे देऊ नका. बागेच्या बाजूची खोली मागा. त्याच आवारातून किनारा शे-दोनशे पावलांवर असतो, आणि वारा सुटला की खाऱ्या दमट हवेने ओले कपडे वाळत नाहीत, तो त्रासही वाचतो. पर्यटन खात्याचं ‘हवाबिल नेस्ट’ नावाचं विश्रामगृहही बेटावर आहे, त्याची चौकशी करायला हरकत नाही.

आता जेवण. सासूबाईंच्या बाबतीत हा प्रश्न मला गुडघ्याच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. भाजीपाल्याची अडचण नाही, अडचण तेलाची आहे. तिथलं घरगुती जेवण बऱ्याचदा मोहरीच्या तेलात होतं, आणि आपल्याकडच्या माणसाला त्याचा वास पहिल्या घासाला टाळूला लागतो. आदल्या दिवशीच सांगून ठेवा: साध्या तेलात, आणि मासळीच्या कढईत नको. होमस्टेमध्ये हे ऐकतात, कारण स्वयंपाक त्या बाई स्वतः करतात. मोठ्या भटारखान्यात तुमचा निरोप कुठे अडकतो ते कळत नाही. डाळ, भात, वांग्याचे काप (त्यांना ते बेगुन भाजा म्हणतात, जवळजवळ आपल्यासारखेच) एवढ्यावर सासूबाईंचं दोन दिवस उत्तम भागेल. शेंगदाण्याची चटणी तुम्ही सोलापूरकर बरोबर घ्यालच, ते मी सांगायला नको. दशम्या मात्र जरा जास्त घ्या, बोटीत उपयोगी पडतील. कुणाला बोट लागत असेल तर गोळी तासभर आधी.

दुसऱ्या खेपेला आईला मी बाजाराच्या एका गल्लीतल्या घरात ठेवलं. तळमजला, समोर ओटी, ओटीवर लाकडी बाक. घरमालकाची आई तिच्याएवढीच. ती पहाटे अंगणातल्या मांडवावरून शेंगा काढून आणायची. आम्ही ज्याला घेवडा म्हणतो, त्याला ती शिम म्हणायची. आईला बंगाली येत नव्हतं, तिला मराठी नाही, आणि दोघींचं हिंदी सारखंच मोडकं. दोघी मांडीवर सूप घेऊन शेंगा निवडायच्या. एकदा मी किनाऱ्यावरून परत आले तर आई तिला शेंगेच्या शिरा दोन्ही बाजूंनी कशा ओढायच्या ते दाखवत होती, आणि ती डोकं हलवून आपली पद्धत दाखवत होती. आईने त्या वेळी समुद्र एकदाच पाहिला, संध्याकाळी, रिक्षातून उतरून दहा पावलांवरून. परत आल्यावर वर्षभर ती त्या शेंगा निवडणाऱ्या बाईबद्दलच बोलत होती. त्यामुळे किनाऱ्यापासून आत आहे म्हणून होमस्टे कमी पडेल का, अशी भीती तुम्हाला वाटते, ती मला वाटत नाही.

ह्यांच्या वाट्याचा समुद्रही बुडवू नका. होमस्टेमध्ये जे पैसे वाचतील, त्यातून एक रिक्षा दोन दिवसांसाठी ठरवून टाका. पहिल्या संध्याकाळी साडेचारला सगळ्यांनी लक्ष्मणपूरला जा. सूर्यास्ताची जागा पश्चिमेला आहे, आणि सासूबाईंना बसायला घडीचं स्टूल इथूनच न्या, वाळूत बसलं की उठवत नाही. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ साधून ह्यांनी आणि मुलीने भरतपूरला पाण्यात जावं. तिथे उथळ आहे, पण पायात रबरी बूट हवेतच, प्रवाळाने पाय कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही. पाण्यात उतरण्याबद्दल फलक लावलेला असेल, शिट्टी वाजवणारा माणूस असेल, तर त्याचं ऐका. अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि बंदी लागते ती उगाच नाही. ओहोटीच्या वेळी लक्ष्मणपूरच्या पलीकडच्या बाजूला प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान बघता येते, तिथले लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. वाट शेवाळलेल्या, ओल्या दगडांवरून आहे. तिथे सासू-सासऱ्यांना नेऊ नका. सासरे ऐकणार नाहीत, तर त्यांना मुलीचा हात धरायला लावा, म्हणजे तेही जपून चालतील.

आणि मुलीला आधीच बजावून ठेवा: शिंपला, प्रवाळाचा तुकडा, कितीही सुंदर दिसला तरी खिशात घालायचा नाही. मेलेलं प्रवाळसुद्धा कायद्याने संरक्षित आहे, विमानतळावर बॅगेत सापडलं तर काढून घेतात आणि वर चौकशी. नऊ वर्षांच्या मुलीला विमानतळावर रडवण्यापेक्षा किनाऱ्यावरच समजावलेलं बरं.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या. नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देणं बंद पडतं, आणि एटीएममध्ये नोटा असतीलच असं नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दिसतही नाहीत. पायांना खोबरेल तेल चोपडून निघा, डासांचं मलम वेगळं.

आता शेवटची ओळ, तुमची. “माझं काय, मी कुठेही झोपेन.” अख्ख्या पत्रात सासऱ्यांना काय हवं ते आहे, सासूबाईंना काय चालत नाही ते आहे, ह्यांना काय आवडतं, मुलगी काय करते, सगळं आहे. तुम्हाला अंदमानात काय बघायचंय हे एका शब्दाने नाही. मी अशी पत्रं खूप वाचलीत, आणि तेच वाक्य मी स्वतः आमच्या घरात वर्षानुवर्षं म्हटलंय. म्हणून एक काम सांगते, ते बुकिंगइतकंच पक्कं करा. मधल्या दिवशी, २८ला, पहाटे पाचला तुम्ही सीतापूरला जायचं. एकट्या. रिक्षा ठरलेलीच आहे, पंधरा मिनिटांची वाट. मुलगी उठली तर तिला सांगा, आज बाबा आहेत. सासूबाईंचा सकाळचा चहा घरमालकीण देईल, तिला आदल्या रात्री सांगून ठेवा, दोन कप, एक बिनसाखरेचा असेल तर तसा. सीतापूरला त्या वेळी फारसं कुणी नसतं. किनाऱ्याला केवड्याची बनं आहेत, वाळू थंड असते. तिथे कुणासाठी काही आणायचं नाही, कुणाचा फोटो काढायचा नाही. सूर्य वर आला की तासभर बसा, मग परत या.

फक्त रिक्षावाल्याला रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा आठवण करा, आणि त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा. पहाटे नेटवर्क असेलच असं नाही.